श्रीरंगपट्टणला निघालात? मग एवढं ऐका

श्रीरंगपट्टण हे बेट आहे, हे तिथे जाऊन आलेल्या कित्येकांच्या लक्षातच येत नाही. घारापुरीला लाँचने जावं लागतं, म्हणून आपण बेटावर उतरलो असं वाटतं. इथे गाडी पुलावरून सरळ आत जाते. रेल्वेही जाते. म्हैसूरहून बंगळूरकडे जाणारा माणूस खिडकीतून दोनदा नदी बघतो आणि वाटेत दोन नद्या लागल्या असं समजतो.

नदी एकच आहे, कावेरी. ती पश्चिमेकडून येते, बेटाच्या टोकाशी दुभंगते, दोन्ही अंगांनी वाहते आणि पूर्वेच्या टोकाला संगमावर पुन्हा एक होते. मधली जमीन म्हणजे श्रीरंगपट्टण.

हे आधी सांगतो, कारण तिथे जे बघायचं आहे ते या पाण्यामुळेच तिथे उभं राहिलं. आणि तिथे जो धोका आहे तोही पाण्याचाच आहे.

म्हैसूरमधल्या आमच्या हिनकल, हूटगळ्ळी, हेब्बाळ, विजयनगर भागात मराठी घरं बरीच आहेत. कोणाचा मुलगा, कोणाची मुलगी इन्फोसिसच्या ट्रेनिंगला आलेली असते. आईवडील पुण्याहून, साताऱ्याहून, नागपुराहून भेटायला येतात. हाताशी दोन दिवस असतात. मग एका दिवसात राजवाडा आणि चामुंडी, दुसऱ्या दिवसात श्रीरंगपट्टण, पक्षी अभयारण्य आणि कृष्णराजसागर, असा बेत ठरतो. संध्याकाळी सगळे दमलेले असतात आणि कोणालाच काही आठवत नाही.

माझं सांगणं एवढंच आहे की बेटाला अख्खा दिवस द्या. अभयारण्य दुसऱ्या खेपेला बघा. अकराशे वर्षांच्या खुणा एका ठिकाणी इतक्या जवळजवळ क्वचित सापडतात. त्या धावत बघू नका.

आता निघायच्या तयारीचं.

जमलं तर ऑक्टोबर ते फेब्रुवारीत जा. एप्रिल-मेमध्ये दगड तापतो आणि म्हाताऱ्या माणसांचे हाल होतात. पावसाळ्यात नदी बघायला छान असते, पण काठ निसरडे होतात आणि काही वाटा बंद करतात. शनिवार-रविवार टाळता आला तर टाळा. दसऱ्याच्या दिवसांत तर म्हैसूरची निम्मी गर्दी तिकडे वळलेली असते.

सकाळी लवकर निघा. हिनकलच्या चौकातून रिंग रोड धरला की शहरात न शिरता बंगळूरच्या रस्त्याला लागता येतं. अंतर फार नाही, वीस किलोमीटरच्या आसपास. हिनकल गावातलं नन्नेश्वराचं जुनं दगडी देऊळ तुम्ही अजून बघितलं नसेल, तर निघताना पाच मिनिटं तिथे थांबा. आपल्या दारातलं देऊळ बघून निघालं की पुढचे खांब बघायची नजर तयार होते.

दुचाकीवर जाणाऱ्या मुलांनो, हे नीट ऐका. बंगळूर-म्हैसूर द्रुतगती मार्गाच्या मुख्य रस्त्यावर 1 ऑगस्ट 2023 पासून दुचाकी आणि रिक्षांना बंदी आहे. तुम्ही बाजूच्या सर्व्हिस रोडनेच जायचं. दंड तर होतोच. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तिथल्या गाड्यांचा वेग. हेल्मेट मागे बसणाऱ्यालाही हवं.

गाडी नसेल तर चिंता नको. म्हैसूरहून बस मिळते. पॅसेंजर गाड्या श्रीरंगपट्टण स्टेशनवर थांबतात आणि स्टेशन किल्ल्याला लागूनच आहे. बेटावर फिरायला रिक्षा ठरवा. पैसे आधी बोलून घ्या. ‘एष्टु?’ म्हणजे किती. ‘बेडा’ म्हणजे नको. हे दोन शब्द आले तरी निम्मा दिवस सोपा जातो. हसून बोलाल तर उरलेला निम्माही.

बरोबर पाणी भरपूर घ्या. टोपी घ्या. चपला अशा घाला की पटकन काढता-घालता येतील, कारण दिवसात तीन-चार वेळा काढाव्या लागणार. दगड तापतो, म्हणून मोजे ठेवा. डब्यात धपाटे किंवा थालीपीठ असलं की दुपारी हॉटेल शोधत हिंडावं लागत नाही. मधुमेह असलेल्यांनी गोळ्या आणि खाणं स्वतःच्याच पिशवीत ठेवावं, गाडीत नको. गाडी कुठेतरी लांब लावलेली असते.

पहिल्यांदा रंगनाथाला जा. देऊळ दुपारी बंद होतं. उशिरा गेलात तर बंद दारासमोर उभे राहाल.

शेषावर पहुडलेला विष्णू आत आहे. हे देऊळ 894 साली, गंग राजांच्या काळात बांधलं गेलं असं सांगतात. पुढे होयसळांनी, विजयनगरच्या राजांनी आणि म्हैसूरच्या वडियारांनी त्यात भर घातली. हैदरअली आणि टिपू यांच्या अमलातही इथली पूजा चालू राहिली. गाभाऱ्यात ढकलाढकली होते. घरातल्या मोठ्यांचा हात धरा. उंबरे उंच आहेत आणि आत अंधार आहे. उन्हातून आत गेलं की क्षणभर काही दिसत नाही, आणि नेमकं तेव्हाच माणूस ठेचकाळतो. दोन क्षण थांबा, मग पाऊल टाका.

दर्शन झालं की किल्ल्याचा भाग पायी बघा. ऊन चढायच्या आत.

हा किल्ला 1454 साली तिम्मण्ण हेब्बार यांनी बांधायला घेतला. 1610 साली राजा वडियारांनी तो विजयनगरच्या अधिकाऱ्याकडून घेतला आणि राजधानी इथे आणली. ज्या दसऱ्यासाठी आज लोक म्हैसूरला येतात, तो दसरा त्याच वर्षी प्रथम या बेटावर झाला. 1799 पर्यंत राज्याचा कारभार इथूनच चालला.

मुलांना तटावर चढू देऊ नका. तट रुंद दिसतो, पण कडेचे दगड सुटलेले आहेत आणि पलीकडे खंदक आहे. फोटोसाठी मागे-मागे सरकणं तर अजिबात नको. फोटो काढणाऱ्याचं लक्ष पडद्यावर असतं, आणि काढून घेणाऱ्याचं स्वतःच्या चेहऱ्यावर. पायाखाली कोणाचंच नसतं.

उत्तरेच्या तटाजवळ कर्नल बेलीची कोठडी आहे. तिथे थोडा वेळ द्या.

पायऱ्या उतरून खाली जायचं. वर विटा-चुन्याच्या कमानी. खाली भिंतीला दगडी फरशा उभ्या बसवलेल्या आहेत आणि त्यांना भोकं आहेत. त्या भोकांतून साखळदंड ओवून कैद्यांना हात पसरून बांधत असत असं सांगतात. मध्येच एक तोफ पडलेली आहे. 1799 च्या वेढ्यात ती छत फोडून खाली आली म्हणतात. ज्याच्या नावाने कोठडी ओळखली जाते तो इंग्रजांचा कर्नल बेली 1780 च्या पोलिलूरच्या लढाईत पकडला गेला आणि 1782 साली इथे कैदेतच मेला.

तिथे मुलं साखळ्यांच्या जागी हात घालून फोटो काढतात. त्यांना रागावू नका. पण सांगा की इथे जिवंत माणसं बांधलेली होती. डेव्हिड बेअर्ड नावाचा इंग्रजांचाच एक अधिकारी याच श्रीरंगपट्टणात साडेतीन वर्षांहून जास्त कैदेत होता. सुटला. आणि 4 मे 1799 ला याच किल्ल्यावर जो हल्ला झाला, त्याच्या पुढे तोच होता. लहान मूलसुद्धा एवढं ऐकलं की गप्प होतं आणि भिंत पुन्हा बघतं.

त्या हल्ल्याची वेळ समजून घ्या, म्हणजे हे बेट समजेल.

मे महिना होता. नदी आटलेली होती. खडक उघडे पडले होते. इंग्रजांनी पश्चिमेच्या बाजूला तोफांनी तटाला खिंडार पाडलं आणि भर दुपारी, उन्हाच्या वेळी, फौज नदीतून चालत आली. काही मिनिटांत खिंडारात पोचली. त्यांनाही घाई होती. छावणीतलं धान्य संपत आलं होतं आणि पाऊस सुरू झाला की कावेरी चढणार होती. नदी चढली असती तर वेढा उठवावा लागला असता. इथला पहिला तट नदीच होती. तो मेमध्ये उघडा पडला. संध्याकाळपर्यंत टिपू मारला गेला. त्याचं प्रेत जिथे सापडलं तिथे आज एक साधीशी खूण आहे. जवळच पाण्याचा दरवाजा आहे. तिथून नदी दिसते.

आता आपला, म्हणजे मराठी माणसांचा संबंध. तो मुलांना सांगा, पण पूर्ण सांगा.

1771 च्या मार्चमध्ये त्रिंबकरावमामा पेठे यांनी इथून उत्तरेला, चिनकुरळीजवळ मोती तलावाच्या परिसरात हैदरअलीचा मोठा पराभव केला आणि मग श्रीरंगपट्टणला वेढा घातला. 1791 साली हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन फौजा घेऊन आले. तेव्हा इंग्रजांच्या छावणीत उपासमार चालली होती, बैल मरत होते, तोफा मोडून टाकाव्या लागल्या होत्या. मराठ्यांच्या फौजेबरोबरचा बाजार धान्याने भरलेला होता. त्या बाजाराने इंग्रजी फौज जगली. पुढच्या वर्षी, 18 मार्च 1792 ला तह झाला. टिपूचं निम्मं राज्य गेलं, तीन कोटी तीस लाख रुपये द्यायचे ठरले, आणि दोन मुलगे ओलीस द्यावे लागले.

हे ऐकून मुलांना अभिमान वाटेल. वाटू दे. पण त्याच स्वारीत, 1791 साली, मराठी फौजेबरोबरच्या पेंढाऱ्यांनी शृंगेरीचा मठ लुटला, हेही सांगा. मठाच्या दुरुस्तीसाठी टिपूने मदत पाठवली आणि त्याची पत्रं मठात जपलेली आहेत. आणि ज्या टिपूने ही पत्रं लिहिली, त्याच्याच फौजांनी कोडगू आणि मलबारात माणसांचे फार हाल केले, हेही सांगा. यातली एक बाजू लपवलीत तर मूल मोठं होऊन दुसरीकडून ती ऐकेल आणि तुमच्यावरचा विश्वास गमावेल.

एक कळकळीचं सांगणं. टिपूवरून तिथे वाद घालू नका. गावात सगळ्या धर्मांची माणसं राहतात. त्यांना रोज शेजाऱ्यांबरोबर राहायचं असतं. आपण संध्याकाळी गाडीत बसून निघून येतो. जे काय मत असेल ते घरी येऊन बोला.

बंगळूर दरवाज्याजवळ टिपूने बांधलेली दोन मिनारांची मशीद आहे. तिथे नमाज चालतो. आत जायचं असेल तर वेळ विचारा, डोक्यावर आणि खांद्यावर कापड घ्या, आणि हळू बोला. देवळात जसे वागता तसेच वागा.

दुपारी ऊन वाढलं की दरिया दौलत बागेत जा. सावली आहे, हिरवळ आहे, बसायला जागा आहे. 1784 साली टिपूने बांधलेला हा सागवानी महाल आहे. भोवती पडदे सोडलेले असतात, कारण उन्हाने रंग उडतात. पडदे उचलू नका.

पश्चिमेच्या भिंतीवर पोलिलूरच्या लढाईचं चित्र आहे. 10 सप्टेंबर 1780 ची लढाई. पुष्कळ लोक चालता-चालता ते बघतात. तुम्ही थांबा. लाल डगले घातलेल्या सैनिकांचा चौकोन शोधा. चौकोनाच्या आत पालखी आहे. पालखीत जखमी बेली बसलेला आहे, तोंडाशी बोट नेलेला, काय करावं ते न सुचलेला. जवळच दारूगोळ्याच्या गाडीचा स्फोट झालेला आहे. सकाळी ज्याची कोठडी बघितलीत तो हाच माणूस. मुलांना आधी सांगू नका. त्यांना शोधू द्या.

फोटो काढायला मनाई असेल तिथे काढू नका. फ्लॅश तर कुठेच नको. भिंतीला हात लावू नका, टेकूही नका. एका हाताच्या घामाने काय होतं, असं वाटतं. पण तिथे दिवसाला शेकडो हात येतात.

दगडावर, लाकडावर नाव कोरायचा मोह लहान मुलांना होत नाही, तरुणांना होतो. तुमच्या बरोबरच्या तरुणांना घरातूनच बजावून न्या. संरक्षित स्मारकाची नासधूस केली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. नोकरीच्या पहिल्याच वर्षी पोलिसात नोंद झाली तर पुढे पासपोर्टपासून सगळीकडे अडतं. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, 2017 साली इथे काय झालं ते त्यांना सांगा. रेल्वेचा दुसरा मार्ग टाकायचा होता आणि टिपूचं एक शस्त्रागार वाटेत येत होतं. ते पाडलं नाही. जवळपास हजार टनांची ती इमारत अख्खी उचलली, रुळांवरून सरकवत शंभर मीटरपेक्षा जास्त लांब नेली आणि जशीच्या तशी ठेवली. काही माणसं एवढी मेहनत घेतात. आपल्याला फक्त हात खिशात ठेवायचे आहेत.

वाटाड्या घ्यायचा असेल तर ओळखपत्र बघून घ्या. चांगला वाटाड्या मिळाला तर पैसे सार्थकी लागतात. पण त्याने सांगितलेलं सगळं खरंच मानायला हवं असं नाही. गुप्त भुयार आणि पुरलेला खजिना यांच्या गोष्टी सुरू झाल्या की मुलांना ऐकू द्या, तुम्ही पाणी प्या.

तिसऱ्या प्रहरी गंजामला जा. तिथे गुंबज आहे. हैदरअली, त्याची बायको फक्रुन्निसा आणि टिपू यांच्या कबरी आहेत. भोवतीचे काळे खांब इतके गुळगुळीत केलेले आहेत की जवळ गेलं की आपला आकार त्यात दिसतो. दारांवर हस्तिदंताचं काम आहे. चपला बाहेर काढायच्या. हे काही सहलीचं मैदान नव्हे, दफनाची जागा आहे. डबे बाहेर कुठेतरी खा.

जवळच निमिषांबेचं देऊळ आहे. गर्दी नसेल तर जा. गर्दी असेल तर काठावर रेंगाळू नका.

शेवटी संगम. आणि आता मी जे सांगतो ते कृपा करून पाळा.

पाण्यात उतरू नका.

पाणी संथ दिसतं. घोट्याएवढं दिसतं. खाली खडक आहेत, शेवाळं आहे आणि खडकांच्या मध्ये एकदम खोल डोह आहेत. वरच्या अंगाला थोड्याच अंतरावर कृष्णराजसागर धरण आहे. तिथून पाणी सोडलं की इथे थेंबभर पाऊस नसतानाही नदी चढते. आभाळ निरभ्र आहे म्हणून नदी सुरक्षित आहे, असं इथे मानता येत नाही. आणि रंगनतिट्टूच्या अभयारण्यात मगरी आहेत. ते बेटाला अगदी लागून आहे. मगरीला अभयारण्याची हद्द कळत नाही.

कावेरीच्या या पट्ट्यात माणसं बुडाल्याच्या बातम्या दर वर्षी येतात. पुष्कळदा ती तरुण मुलं असतात, मित्रांबरोबर आलेली. एक घसरतो, दुसरा त्याला धरायला जातो, तिसरा दुसऱ्याला. पोहता येतं म्हणून कोणी वाचतं असं नाही. विहिरीत, तलावात पोहणं वेगळं आणि खडकाळ वाहत्या नदीत वेगळं. कोणी बुडताना दिसलं तर मागे उडी मारू नका. दोरी, ओढणी, लांब फांदी, रिकामी बाटली, जे मिळेल ते फेका, ओरडा, आणि 112 ला फोन लावा.

हरिगोलात, म्हणजे त्या गोल टोपल्यासारख्या नावेत बसायची मुलांना हौस असते. लाइफ जॅकेट असेल तरच बसा. सगळ्यांना असेल तर. नाविक गोल गिरकी मारून दाखवतो. लहान मूल असेल तर आधीच सांगा, गिरकी नको. पावसाळ्यात, किंवा पाणी गढूळ आणि वेगाचं दिसत असेल तर बसूच नका. दोनशे रुपयांची हौस पुढच्या खेपेला भागेल.

परतताना उत्तरेच्या फाट्यावरचा वेलस्ली पूल लांबून बघा. दिवाण पूर्णय्यांच्या देखरेखीखाली 1804 च्या सुमाराला बांधलेला हा दगडी पूल दोनशे पूर सोसून उभा आहे. वर जाऊन कठड्यावर बसायचं नाही.

काही घरं इथे फिरायला येत नाहीत, अस्थी घेऊन येतात. त्यांच्यासाठीही दोन शब्द. बेटाच्या पश्चिमेला पश्चिमवाहिनी आहे. 1948 साली गांधीजींच्या अस्थींचा काही भाग तिथे विसर्जित केला होता. जागा फार जुनी, फार शांत. विधी काठावर करा. घाटाच्या खालच्या पायऱ्यांवर जायची वेळ आली तर घरातल्या एकाने मागून धरून उभं राहावं, कारण त्या वेळी माणसाचं मन ठिकाणावर नसतं. गेलेल्या माणसाचे कपडे, फोटो, प्लास्टिकच्या पिशव्या नदीत सोडू नका. गुरुजी म्हणाले तरी नम्रपणे नाही म्हणा. ते कपडे खाली खडकांत अडकतात आणि वर्षभर तिथेच कुजतात. कोणा गरजूला दिलेत तर जास्त बरं.

घरात कोणाचे गुडघे दुखत असतील तर हा सगळा फेरा त्यांना करायला लावू नका. सकाळी रंगनाथ, मग दरिया दौलत, आणि घरी. एवढंही पुष्कळ आहे. किल्ला आणि कोठडी तरुणांनी बघावी आणि येऊन सांगावी.

अंधार पडायच्या आत निघा. संध्याकाळी रिंग रोडवर ट्रक वाढतात आणि हिनकलच्या चौकात गाड्या तुंबतात. पाच वाजता निघालात तर दिवेलागणीला घरी पोचाल. चालवणारा दिवसभर उन्हात फिरलेला असतो. निघण्याआधी त्याला चहा द्या आणि दहा मिनिटं डोळे मिटू द्या.